व्हिलफ्रान्शचा धक्का आणि मालवणचे काका

फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर मराठी मंडळींना घेऊन उतरलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो. "मॅडम, वाळू कुठंय?" नीसला वाळू नाहीच. राखाडी गोटे, त्यावरून डुलत चालायचं, आणि काठापासून दोन-चार पावलांतच पाणी खोल होतं. म्हणून 'पाय भिजवा, आत जाऊ नका' हे मी बसमध्येच बजावते. त्या सकाळी सगळी मंडळी प्रोमेनाद देझांग्लेवरच्या निळ्या खुर्च्यांवर फोटो काढण्यात गुंतली. इथे हिवाळा काढायला येणाऱ्या इंग्रजांच्या पैशातून १८२० च्या दशकात या रस्त्याची सुरुवात झाली, ही माहिती मी नेहमीप्रमाणे वाऱ्याला सांगितली.

एक काका तेवढे पाण्याकडे बघत उभे. मालवणच्या धक्क्यावरून सिंधुदुर्ग किल्ल्यावर होडीतून पर्यटक नेण्यात त्यांची हयात गेली. आता होडी मुलाकडे, आणि मुलानेच दोघांना सहलीला पाठवलेलं.

"गो बाय, हयसर सुकती कधी लागता?"

"काका, इथे भरती-ओहोटी जवळजवळ नसतेच."

मी त्यांना मासे नसलेलं तिखलं वाढल्यासारखा त्यांचा चेहरा झाला. "आज दशमी. पाऊणपट साडेसात. म्हणजे साडेसातची भरती झाली, आता सुकती लागलीच असतली." कोकणात तिथीच्या पाऊणपटीने भरतीची वेळ काढतात, तो हिशेब चुकेल हे त्यांना पटेना. मी जिब्राल्टरचं सांगितलं: भूमध्य समुद्र जवळजवळ बंदिस्त, अटलांटिकशी जोडणारी सामुद्रधुनी सर्वांत अरुंद ठिकाणी जेमतेम १४ किलोमीटरची, त्यामुळे बाहेरच्या महासागराची भरती आत फारशी पोचत नाही. "बघूया," म्हणाले. हे 'बघूया' मी तेव्हा गांभीर्याने घेतलं नाही.

पुढे बाजारात सोक्का खाल्ला. हरभऱ्याचं पीठ, पाणी, ऑलिव्ह तेल, मीठ. मोठ्या तांब्याच्या परातीत, लाकडाच्या भट्टीत भाजलेला. शाकाहारी मंडळींचे चेहरे खुलले, एवढंच सांगते.

मग व्हिलफ्रान्श. नीसच्या शेजारचं गाव, खोल आखात, उतारावर पिवळी-नारिंगी घरं. बस वरच्या रस्त्यावर थांबते, धक्क्यापर्यंत पायऱ्या उतरून जायचं. तासाभराचा थांबा. ठरल्या वेळी सगळे वर आले, काका नाहीत. फोन खोलीवर चार्जिंगला.

चालकाने घड्याळ दाखवलं. युरोपात बसचालकाला दिवसाला साधारण ९ तासच गाडी चालवता येते, साडेचार तासांनंतर ४५ मिनिटांची विश्रांती सक्तीची, आणि रात्रीची सुट्टीही ठरलेली. सगळं टॅकोग्राफवर, म्हणजे गाडी चालवल्याच्या वेळा नोंदणाऱ्या यंत्रावर, नोंदलं जातं. इथला उशीर मोनॅकोहून परतण्यापर्यंत मुरत जातो. त्यात पुढच्या एझ गावी अत्तराच्या कारखान्याची वेळ घेतलेली. मागच्या सीटवरून कुजबुज सुरू झाली, "एका माणसासाठी चाळीस जण खोळंबलेत." काकू मात्र निवांत. "पाण्याकडेच बघ गो, दुसरीकडे खंय गावतले."

मी धावत खाली गेले. कोळ्यांचं छोटं चॅपेल आहे, फ्रेंच कवी-चित्रकार झाँ कॉक्तोने १९५७ मध्ये आतून रंगवलेलं. त्याच्याजवळच धक्क्याच्या कडेला काका मांडी घालून बसलेले. आमच्या कंपनीचा बॅगेला लावायचा केशरी स्टिकर त्यांनी भिंतीच्या कोरड्या दगडावर, पाण्याच्या जरा वर चिकटवला होता. उतरल्यापासून पाणी तिथून हललंय का ते बघत होते.

"चार बोटां सुद्धा नाय," म्हणाले. मी ओरडायच्या तयारीत होते, पण त्यांनी हाताने खाली बसायची खूण केली. "दोरी बघ."

होड्या धक्क्याला अगदी आखूड दोरीने बांधलेल्या होत्या. मालवणात अशी बांधली तर ओहोटीला होडी दोरीवर लटकेल, म्हणून भरपूर ढील सोडावी लागते. मग त्यांनी धक्क्याची भिंत दाखवली. आपल्याकडे ओहोटीला पुरुषभर उंचीचा कालवं-शेवाळाचा पट्टा उघडा पडतो. इथे काळपट पट्टा जेमतेम वीतभर. आणि हॉटेलांची टेबलं? पाण्यापासून हातभर उंचीवर, पांढरे टेबलक्लॉथ घालून. "पाणी चढणारच नाय ह्येची इतकी खात्री," काका म्हणाले, "मालवणात अशी टेबलां मांडलंस तर जेवान माशेच खातले."

वर्षानुवर्षं त्या धक्क्यावर मी किल्ला १६ व्या शतकातला आणि बोगद्यासारखी गल्ली १३ व्या शतकातली, हे सांगत आलेय. गाव पाण्याला एवढं खेटून का वसलंय, हे कोणी विचारलं नव्हतं. आणि आमच्या कार्यक्रमपत्रिकेत या जागेपुढे 'फोटो स्टॉप' असं छापलेलं असतं, ते मला तेव्हा जरा लागलंच.

पायऱ्या चढताना काका दोनदा थांबले, दम लागला म्हणून नाही, मागे बघायला. बसमध्ये माफी वगैरे मागितली नाही. माइक मागून घेतला आणि दोरीचं सगळ्यांना समजावून सांगितलं. निम्मी बस ऐकत होती, निम्मी रुसलेली. एझला अत्तराच्या दुकानात वीस मिनिटं कमी मिळाली, ते दोन बहिणींनी मला मोनॅकोपर्यंत ऐकवलं. मोनॅकोच्या बंदरात मात्र त्याच दोघी कोट्यवधींच्या यॉटकडे पाठ करून वाकून दोऱ्या बघत होत्या.

सहल संपताना अभिप्रायाचे कागद भरून घेतले. 'सुधारणा' या रकान्यात काकांनी लिहिलं होतं: "व्हिलफ्रान्शला अर्धा दिवस द्यावा. पायऱ्या किती ते आधी सांगावे. होडीच्या फेरीचे तिकीट फार आहे, आम्ही एवढे घेत नाही."