तुम्ही विचारलंत म्हणून: कुत्र्याला मिरगी आली तर कांदा हुंगवायचा का?

"कुत्र्याले मिरगी आली तं कांदा हुंगवाचा का चप्पल?" विदर्भातल्या गावांत हे आम्हाला नेहमी विचारलं जातं. दोन्ही नको. झटका मेंदूत उठतो, वासाने तो थांबत नाही. बहुतेक झटके एक-दोन मिनिटांत आपोआप शमतात, तेवढ्यात कांदा नाकाशी असतो आणि नाव कांद्याचं होतं.

तोंडात चमचा, काडी, बोट काहीच घालू नका. कुत्रं जीभ गिळत नाही, पण आवळलेल्या जबड्यात सापडलेलं बोट तुटू शकतं. ताक, तूप, मीठपाणी ओतलंत तर ते फुफ्फुसात उतरतं. त्याला विहिरीच्या काठावरून, पायऱ्यांवरून, चुलीजवळून बाजूला घ्या, डोक्याखाली पोतं सरकवा आणि घड्याळ पाहा. दुसऱ्या कुणाला मोबाइलवर चित्रीकरण करायला सांगा, कारण दवाखान्यात पोचेपर्यंत कुत्रं बहुधा चालू-फिरू लागलेलं असतं आणि डॉक्टरांना बघायला काही उरत नाही.

घड्याळ एवढ्यासाठी, की झटका पाच मिनिटांवर गेला किंवा चोवीस तासांत दुसरा आला तर थांबायचं नाही, लगेच गाडी काढायची. लांबलेल्या झटक्यात स्नायू सतत आवळून अंग तापतं. मे महिन्यात चंद्रपूर-नागपूरकडे पारा ४५ च्या वर असताना हे फार लवकर होतं. पोटावर, मांड्यांत, पंजांवर साधं पाणी टाका, वारा घाला. बर्फ नको.

झटका गेल्यावर कुत्रं भिंतीला धडकतं, गोल फिरतं, मालकालाही ओळखत नाही, कधी खा-खा करतं. काही मिनिटांपासून दिवसभरही हे चालतं. त्या वेळी लेकरांना जवळ जाऊ देऊ नका.

आता कारण. आमच्या भागात आधी फवारणीचं विचारावं. मोनोक्रोटोफॉस, क्लोरपायरीफॉससारखं औषध पोटात गेलं की लाळ, डोळ्यांतून पाणी, हगवण, टाचणीच्या टोकाएवढी झालेली बाहुली आणि अंगाची थरथर, मग झटके. यावर अॅट्रोपिनचं इंजेक्शन लागतं, ते डॉक्टरच देतात. डब्याचं लेबल सोबत न्या. उलटी करवू नका. मांजराचं वेगळंच: ढोरांच्या गोचिडांवरचं किंवा कुत्र्यासाठीचं पर्मेथ्रिन असलेलं औषध मांजराला लावलं की ते थरथरायला लागतं, कारण त्याच्या यकृताला ते मोडून काढता येत नाही. कोमट पाणी आणि भांड्याच्या साबणाने धुऊन काढा, कोरडं करा, उबेत ठेवून दवाखान्यात न्या.

लस नसलेल्या पिल्लाचा जबडा काही चघळल्यासारखा हलत असेल तर डिस्टेंपरची, म्हणजे कुत्र्यांच्या एका विषाणूजन्य रोगाची, शंका घ्यावी. पिल्लांना पाजणारी कुत्री दोन-चार आठवड्यांत अंग ताठ करून थरथरू लागली तर कॅल्शियम कमी झालेलं असतं. पिल्लं तिच्यापासून बाजूला करा आणि दवाखाना गाठा. स्वभाव पालटला, आवाज बदलला, जबडा लोंबतोय असं दिसलं तर रेबीज समजून दूर राहा. लाळ जखमेला लागली किंवा चावा बसला तर साबणाने, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी लस घ्या.

यातलं काहीच नसेल आणि सहा महिने ते सहा वर्षांच्या कुत्र्याला झटके येत असतील तर ती खरी मिरगी असण्याचा संभव मोठा. सहा महिन्यांत दोन झटके आले की गोळी सुरू करावी, असं आमचं ठाम मत आहे. फेनोबार्बिटोन, साधारण दर किलोला २ ते ३ मिलिग्राम, दर बारा तासांनी. म्हणजे दहा किलोच्या कुत्र्याला एका वेळी २० ते ३० मिलिग्राम, पण नेमका आकडा डॉक्टरांचा. पहिले दोन आठवडे ते झोकांड्या खातं, खूप पाणी पितं, भूक वाढते. पुढे बरंचसं निवळतं. यकृताची तपासणी दर सहा महिन्यांनी करा.

सर्वात मोठी चूक अशी, की चार महिने झटका आला नाही म्हणून गोळी एकदम बंद केली जाते. त्यानंतर येणारे झटके आधीपेक्षा जबर असतात. ही गोळी चिठ्ठीशिवाय मिळत नाही, म्हणून पाकिटात दहा दिवसांच्या उरल्या की तालुक्याची खेप करा.