नाका दिसत नाही, टोल मात्र आहे: म्युनिकहून इटलीला गाडीने

सुट्टीत पुण्या-मुंबईहून इथे म्युनिकला येणाऱ्यांचा हल्ली ठरलेला प्रश्न असतो, "गाडी भाड्याने घेऊन दोन-तीन देश होतील का?" होतात की. म्युनिकहून नाश्ता करून निघालात, तर ऑस्ट्रिया ओलांडून दुपारी इटलीतल्या गार्डा तलावाच्या काठी जेवायला बसता येतं. फक्त एवढ्या वाटेत रस्त्याचे पैसे घेण्याच्या तीन वेगवेगळ्या तऱ्हा भेटतात, आणि त्यातली कुठली कधी सुरू झाली हे हात दाखवून थांबवून कोणी सांगत नाही. निळ्या पाटीवर ताऱ्यांच्या गोलात पुढच्या देशाचं नाव दिसतं, की नियम बदलले.

जर्मनीत कारला टोल नाही. सरकारने तो आणायचं ठरवलं होतं, पण इथल्या गाडीवाल्यांना तेवढी रक्कम वाहनकरात सूट म्हणून परत मिळणार होती. म्हणजे भुर्दंड फक्त बाहेरच्यांना. ऑस्ट्रिया कोर्टात गेला आणि २०१९ मध्ये युरोपीय न्यायालयाने तो बेत मोडीत काढला. ऑस्ट्रियाकडे स्वतःचा टोल आहेच, पण तो घरच्या-दारच्या सगळ्यांकडून सारखाच घेतला जातो.

तो टोल म्हणजे व्हिन्येट. किती किलोमीटर चाललात याच्याशी त्याला देणंघेणं नाही; ठरावीक दिवसांचे पैसे भरायचे आणि हायवेवर हवं तितकं फिरायचं. २०२५ मध्ये एका दिवसाचे ९.३० युरो होते आणि दहा दिवसांचे १२.४०. दहा दिवसांचाच घ्या, परतीचा प्रवासही त्यात निघतो. गाडीच्या नंबरावर डिजिटल घेता येतो. पेट्रोल पंपावरून स्टिकर घेतलात, तर तो काचेवर आतून चिकटवावाच लागतो. नुसता डॅशबोर्डवर ठेवलेला स्टिकर चालत नाही, दंड होतो.

जर्मन सीमेलगतच्या कूफस्टाइन या ऑस्ट्रियन गावाचा किस्सा सांगायलाच हवा. सीमेपासून कूफस्टाइन-झ्यूड या एक्झिटपर्यंतच्या तुकड्यावर २०१९ च्या डिसेंबरपासून व्हिन्येट लागत नाही. कारण काय, तर स्कीइंगला जाणारे लोक पैसे वाचवायला हायवे सोडून गावात घुसायचे आणि गावकऱ्यांना रस्ता ओलांडणं मुश्किल व्हायचं. पुढे इन्सब्रुकपर्यंत व्हिन्येट हवाच. आणि इन्सब्रुकनंतर ब्रेनर खिंडीकडे चढणाऱ्या ए-१३ वर तो चालत नाही! तिथे दहा-बारा युरोंचा वेगळा टोल आहे, अगदी आपल्यासारखा नाका आणि बूम लावून. १९६० च्या दशकात बांधलेला, दरीपासून १९० मीटर उंच असलेला युरोपा पूल याच वाटेवर लागतो, त्यामुळे मला तरी हे पैसे जड वाटत नाहीत. त्याआधी इन नदीच्या खोऱ्यात हवेच्या प्रदूषणामुळे वेगमर्यादा ताशी १०० किलोमीटरपर्यंत खाली आणलेली असते. मोकळा रस्ता बघून दामटू नका.

इटलीत शिरलात की कथा पुन्हा बदलते. आत जाताना मशीनमधून तिकीट घ्यायचं, बाहेर पडताना अंतराप्रमाणे पैसे भरायचे. पिवळ्या खुणेची लेन फक्त टेलिपासवाल्यांची, म्हणजे इटलीचा फास्टॅग म्हणा. आपण रोख किंवा कार्डाची पाटी बघून लेन धरायची, आणि तीही लांबूनच, कारण मागे गाड्या लागल्या की रिव्हर्सची सोय नाही.

खरा खड्डा मात्र टोलचा नाहीच. तो झेड-टी-एलचा. व्हेरोना, फ्लोरेन्ससारख्या शहरांच्या जुन्या भागात ठरावीक वेळी बाहेरच्या गाड्यांना बंदी असते. पाटीवर लाल गोल आणि वर कॅमेरा. आत गेलात तरी कोणी शिट्टी मारत नाही. काही महिन्यांनी पत्र येतं. भाड्याची गाडी असेल तर कंपनी पोलिसांना तुमचा पत्ता कळवते आणि त्या कळवण्याचे पैसे वेगळे लावते. हॉटेल आतल्या भागात असेल, तर गाडीचा नंबर त्यांना आधीच देऊन नोंदवून घ्या. नाहीतर गाडी बाहेर लावा आणि चाला.

परतताना स्वित्झर्लंडमार्गे यायचा मोह झाला, तर तिथे एकच व्हिन्येट मिळतो, वर्षाचा, ४० फ्रँकचा. दोन तासांसाठी गेलात तरी तेवढेच. महाग वाटेल, पण जवळजवळ १७ किलोमीटरचा गॉटहार्ड बोगदा त्यातच येतो, वेगळं काही द्यावं लागत नाही. किंमत शंभर फ्रँक करायचा प्रस्ताव स्विस जनतेनेच २०१३ मध्ये मतदानात फेटाळला होता.

डिकीत त्रिकोण, प्रथमोपचार पेटी आणि चमकतं जॅकेट आहे ना, हे गाडी ताब्यात घेतानाच बघा. ऑस्ट्रियात हायवेवर गाडी बंद पडली, तर जॅकेट घालूनच खाली उतरायचं असतं. कुठल्या देशांत गाडी नेणार तेही बुकिंग करतानाच सांगा, सगळ्या कंपन्या सगळीकडे नेऊ देत नाहीत. पासपोर्ट जवळ ठेवा. शेंगेन, म्हणजे सीमेवर एरवी तपासणी नसलेल्या देशांचा गट, असला तरी ऑस्ट्रियातून जर्मनीत परत शिरताना २०१५ पासून तपासणी होते. आणि आरटीओतून इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट निघण्याआधीच काढून आणा, मूळ लायसन्ससोबत. भाड्याच्या काउंटरवर पहिल्यांदा तेच मागतात.