ट्यूबलाइटमागची

जेवणं झाली होती. आमरस अंमळ जास्तच झाला होता आणि आता दिवाणावर आडवं व्हावं, एवढाच माझा विचार होता. भाचीचा नव्हता.

"आत्या, तुला माहितीये का, वॉम्बॅटची शी चौकोनी असते?"

हे तिचं सध्याचं वेड. वाढदिवसाला कुणीतरी प्राण्यांच्या गमतीजमतींचं जाडजूड पुस्तक दिलं आणि तेव्हापासून घरात कुणाला निवांत बसायची सोय राहिलेली नाही. ऑक्टोपसला तीन हृदयं असतात. जिराफाच्या एवढ्या लांबलचक मानेत मणके सातच, म्हणजे तुझ्यामाझ्या मानेत असतात तेवढेच. फ्लेमिंगो काही जन्मतः गुलाबी नसतो, खाण्यातून त्याला रंग चढतो. आणि वॉम्बॅटचं म्हणाल, तर त्याच्या आतड्याची भिंत सगळीकडे सारखी ताणली जात नाही, म्हणून ते ठोकळे पडतात. हे ठोकळे तिनं मला बोटांनी आकार करून दाखवले. आमरसानंतर लगेच.

मी "हो का" म्हणून डोळे मिटणार, तोच किंकाळी. बघते तर बाईसाहेब खुर्चीवर उभ्या, फ्रॉक दोन्ही हातांनी गोळा केलेला, नजर ट्यूबलाइटकडे.

"आत्या, पाल! हाकल तिला!"

ऑस्ट्रेलियातल्या प्राण्याच्या शीविषयी एवढा जिव्हाळा, आणि ट्यूबलाइटच्या पट्टीमागून नुसतं तोंड बाहेर काढलेल्या घरच्या प्राण्याला हाकल म्हणे. मी काही उठले नाही. आमच्या घरात पालीला झाडू लावायचा नाही, हा माझा नियम आहे. घरातले त्याला खूळ म्हणतात. खूळ तर खूळ. डास, झुरळाची पिल्लं, पावसाळ्यात दिव्याभोवती घिरट्या घालणारे ते पंखवाले किडे, हे सगळं ती रात्रभर टिपत असते आणि त्याबद्दल कधी काही मागत नाही. कपाटामागे थोडी घाण करते, हे खरं. पण घाण करत नाही असं घरात आहे कोण?

चिपळूणजवळच्या आमच्या आजोळी पाली अशा एकट्यादुकट्या नसत. कौलारू घर, वाशांवरून त्यांचं राज्य. बोलता बोलता वरून चुकचुक झाली की आजी बोटानं जमिनीवर टकटक करून "सत्य, सत्य" म्हणायची, मग विषय कुणाच्या लग्नाचा असो की म्हशीच्या गाभण राहण्याचा. अंगावर पडली की मात्र धावपळ. आधी डोक्यावरून आंघोळ आणि मग पंचांग. पंचांगात पल्लीपतनाचं कोष्टकच असतं, कुठल्या अवयवावर पडली तर काय फळ, त्याचं. एकदा ती धाकट्या मामाच्या पाठीवर पडली आणि तिथून घसरत कमरेवर गेली, तेव्हा फळ पाठीचं धरायचं की कमरेचं यावर आजी-आजोबांचा जो वाद झाला, तो दिवेलागणीपर्यंत चालला होता.

याच मामानं एकदा माजघरात केरसुणी हाणली. पाल पळाली, शेपूट राहिलं. शेणानं सारवलेल्या जमिनीवर ते एवढंसं शेपूट एकटंच उड्या मारतंय, वळतंय, पालथं होतंय, आणि आम्ही सगळी भावंडं उकिडवी बसून भोवती रिंगण करून. थोरला म्हणाला, आता याची नवी पाल होणार. होऊन पळून जायला नको म्हणून कुणीतरी त्यावर पितळेची वाटी उपडी घातली. मी वाटीला कान लावला. आतून टिक्, टिक्टिक्, मग जरा थांबून पुन्हा टिक्. बराच वेळ. आजीला कळल्यावर तिनं ती वाटी राखेनं तीनतीनदा घासली आणि तरी पुढे कायम तिच्यात फक्त चिंच भिजत घातली जायची.

नवी पाल अर्थातच झाली नाही. ते शेपूट म्हणजे शत्रूपुढे टाकलेला तुकडा. तो तडफडत राहतो, बघणारा त्यात गुंगतो आणि पाल निसटते. (आम्ही गुंगलोच होतो की.) शेपटीच्या मणक्यांमध्ये तुटायच्या जागा आधीपासून ठरलेल्या असतात. तुटताना तिथले स्नायू आवळले जातात, म्हणून रक्तही फारसं येत नाही. पण हा व्यवहार फुकटातला नाही. शेपटीत तिनं अडीनडीसाठी चरबी साठवलेली असते, ती गेली. पुढे शेपूट उगवतं, पण त्यात मणके नसतात, कूर्चेची नुसती दांडी असते. बारकाईनं पाहिलं तर जोड कळतो, नव्या शेपटीचा पोत आणि रंग वेगळा असतो. माझ्या ट्यूबलाइटमागचीची शेपूट अशीच आखूड, जाडसर, दुसऱ्या खेपेची आहे. कुणाच्या घरातून पळून आली असेल, कोण जाणे.

हे सगळं मी आडव्याआडव्याच सांगत होते. भाची खुर्चीवरून खाली उतरेना, पण निदान किंचाळायची थांबली होती.

मग मी पायांवर आले. पालीच्या बोटांना चिकट काही नसतं, डिंक नाही की ओल नाही. बोटांखाली आडव्या घड्या असतात आणि त्या घड्यांवर केस. टोके नावाच्या मोठ्या पालीच्या एकेका पावलावर असे सुमारे 5 लाख केस असतात आणि प्रत्येक केसाचं टोक शेकडो फाट्यांमध्ये विभागलेलं. एवढी सूक्ष्म टोकं भिंतीच्या अगदी अंगाला भिडली, की रेणूरेणूंमध्ये जी इवलीशी ओढ असते, तिची बेरीज होते आणि ती बेरीज पालीला छतावर उलटी धरून ठेवते. ॲरिस्टॉटलनं पालीच्या चालण्याबद्दल लिहून ठेवलंय, पण या केसांचा हिशेब नीट लागायला 2000 साल उजाडावं लागलं. पाय उचलताना ती बोट टोकाकडून वर वळवत सोलल्यासारखं सोडवते, तेही धावता धावता, निमिषात. कोरड्या टेफ्लॉनवर मात्र तिचं काही चालत नाही.

"म्हणजे डोशाच्या तव्यावर?"

"हो."

"मग भिंतींना तेच लावूया ना!"

नव्या पिढीला निसर्गाची गोडी लावायची म्हणजे सोपं काम नाही.

शेवटी डोळ्यांनी काम केलं. आपल्या घरातल्या पालीला पापण्या नसतात. डोळ्यावर पारदर्शक काचेसारखं कवच असतं आणि त्यावर धूळ बसली की ती जिभेनं डोळा चाटून पुसते. आमचं बोलणं चालू असताना तिनं ते करून दाखवलंही. गुलाबी जीभ बाहेर आली, डाव्या डोळ्यावरून सपकन फिरली, आत गेली. "शी!" असं म्हणत भाची खुर्चीवरून उतरली आणि जवळ जाऊन बघायला लागली. थोड्याच वेळात ती स्वतःच्या जिभेनं नाकाच्या शेंड्यापर्यंत पोचतेय का, ते आरशात बघत होती. तेवढ्यात मला डुलकी लागली.

पाल विषारी नसते, हे मात्र मी तिला सांगितलं आणि तिनं ते घरभर सांगितलं. आजी दुधात पाल पडल्याच्या नुसत्या संशयावरून पातेलंभर दूध ओतून द्यायची. विष नाही, पण विष्ठेतून जंतू जाऊ शकतात, पोट बिघडू शकतं. तेव्हा आजीचं कारण चुकलं असलं, तरी झाकण ठेवायची तिची शिस्त बरोबरच होती.

आमच्या समोरच्या वहिनींना यातलं काही पटत नाही. त्यांच्याकडे पालींविरुद्ध कायमची मोहीम चालू असते. खिडकीत अंड्याची टरफलं, कपाटात डांबराच्या गोळ्या आणि हॉलच्या प्रत्येक भिंतीवर मोरपिसं. मोर पाली खातो, म्हणून मोरपीस बघून पाल पळते, असा तो हिशेब. लहानपणी आम्ही वहीत मोरपीस ठेवून त्याला पेन्सिलीचा भुसा घालायचो, पिल्लं व्हावीत म्हणून. त्यापेक्षा हा हिशेब फार शहाणपणाचा नाही. मी स्वतः त्यांच्याकडे मोरपिसांच्या जुडग्यामागून पालीचं डोकं डोकावताना पाहिलंय. उभं राहायला छान आडोसा झाला होता तिला. या वहिनी मध्ये कांचीपुरमला जाऊन आल्या. तिथे वरदराज पेरुमाळच्या मंदिरात छताला सोन्याची आणि चांदीची पाल आहे. तिला हात लावला की अंगावर पाल पडल्याचे सगळे दोष जातात म्हणे. वहिनी रांगेत उभ्या राहून, भक्तिभावानं हात लावून आल्या. घरी आल्यावर बॅग ठेवली आणि झाडू घेतला.

घरातल्या पालींची मला तशी काळजी नाही. माणूस जिथे जाईल तिथे त्या ट्रंकेतून, लाकडातून, जहाजातूनही गेल्या आहेत. काळजी वाटते ती त्यांच्या रानातल्या नातलगांची. 2019 मध्ये सह्याद्रीतून दोन नव्या पालींची नोंद झाली, एकीला आंब्याचं नाव मिळालं आणि दुसरीला कोयनेचं. आंबा म्हणजे फळ नव्हे, कोल्हापूरकडचं ते घाटावरचं गाव. या बोटभर पाली. आपल्या घरातलीसारखी त्यांची बाहुली उभ्या फटीची नसते, गोल असते, आणि त्या दिवसाउजेडी खडकांवर, झाडांच्या बुंध्यांवर फिरतात. अशा कित्येक जाती एखाद्या घाटापुरत्या, एखाद्या डोंगरापुरत्या असतात. रस्ता रुंद करताना तो कातळ फोडला की संपलं, वाघ गेल्याची बातमी होते तशी त्यांची होत नाही. आणि ईशान्येकडची ती टोके पाल, रात्री स्वतःचंच नाव घेत ओरडणारी, फूटभर लांब. तिच्यापासून कसलीकसली दुर्धर दुखणी बरी होतात अशी थाप कुणीतरी मारली आणि तिच्यामागे शिकारी लागले. 2019 पासून तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंधनं आली आहेत. थापेवर मात्र अजून बंधन नाही.

पण मराठी माणसाला पालीच्या गोतावळ्यातली कुणी आवडत असेल, तर ती घोरपड. शाळेत आम्हाला सिंहगडाचा धडा होता तेव्हा तानाजीइतकीच यशवंतीही पाठ होती. दोर बांधलेली घोरपड खरंच कडा चढली का, यावर इतिहासवाले मान हलवतात. असो. आमच्या मनात ती चढली. प्रत्यक्षात मटणासाठी, तेलासाठी तिला मारत आले आहेत, आणि आता आणखी एका गोष्टीसाठी.

परवा हळदीकुंकवाला वहिनींकडे गेले. देवघरात चांदीची डबी, डबीत शेंदूर आणि शेंदरात हात जोडल्यासारखं दिसणारं काहीतरी काळपट, वाळकं. "हाथाजोडी," वहिनी हलक्या आवाजात म्हणाल्या. "दुर्मिळ झाडाची मुळी आहे. लक्ष्मी टिकते." तीर्थाच्या गावी एका दुकानातून आणली होती, बरेच पैसे मोजून.

ती मुळी नसते. ती घोरपडीच्या नराची वाळवलेली जननेंद्रियं असतात. 2017 मध्ये ठिकठिकाणी छापे पडले, नमुने प्रयोगशाळेत तपासले गेले, तेव्हा हे सगळ्यांसमोर आलं. घोरपड वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, वाघ आहे तिथेच. असलं काही जवळ बाळगणं हाही गुन्हा, तुरुंगात जाण्याजोगा. मी वहिनींना हे सांगितलं. जननेंद्रियांचं जरा आडवळणानं सांगितलं, पण सांगितलं. त्यांनी कुंकवाचं बोट माझ्या कपाळाला लावता लावता हवेतच थांबवलं आणि म्हणाल्या, "काहीतरीच काय!"

त्या छाप्यांत सापडलेल्या काही हाथाजोड्या साच्यातून काढलेल्या, प्लास्टिकच्या निघाल्या होत्या म्हणे. तेव्हापासून समोरच्या दारावरून जाताना माझ्या मनात एकच येतं, की त्या दुकानदारानं आमच्या वहिनींना चांगलं फसवलेलं असू दे.