२८ हजारांवर अडलेलं घोडं

लाइव्ह स्कोअरच्या अ‍ॅपसाठी वेबसॉकेट (मोबाइल आणि सर्व्हरमधली कायम उघडी लाइन) सर्व्हर लिहिणं, त्याच्या पुढे युजरची कनेक्शन घेऊन मागे पोचवणारं एनजिनएक्स बसवणं, मेसेज सगळीकडे वाटायला रेडिसचं पब-सब जोडणं, हे सगळं बिनबोभाट झालं. लोड टेस्टमध्ये, म्हणजे खोटे युजर जोडून ताण दिल्यावर, मात्र २८ हजारांच्या आसपास कनेक्शन झाली की पुढचं एकही लागेना. नव्या युजरला थेट ५०२, म्हणजे मागचा सर्व्हर मिळत नसल्याची एरर. सीपीयू निवांत, निम्मी रॅम मोकळी.

होस्टिंगवाल्यांकडे तिकीट टाकलं. उत्तर आलं, "मोठा प्लॅन घ्या." ग्राफ पाठवले, मशीन रिकामं बसलंय हे दाखवलं. मग तिकीट दुसऱ्या कुणाकडे गेलं. पुन्हा मोठा प्लॅन. बरं, तेही करून पाहिलं. आकडा तसूभर हलला नाही. तसं कळवलं, तर त्याहून मोठ्या प्लॅनची लिंक! आठवलं की अजून डोकं तापतं.

उत्तर एनजिनएक्सच्या एरर लॉगमध्ये होतं: एरर ९९, "कॅनॉट असाइन रिक्वेस्टेड अ‍ॅड्रेस", म्हणजे मागितलेला पत्ता देता येत नाही. एनजिनएक्स मागच्या अ‍ॅपशी (म्हणजे आपल्या वेबसॉकेट सर्व्हरशी) जे प्रत्येक कनेक्शन उघडतं, त्याला स्वतःच्या बाजूचा एक पोर्ट, म्हणजे कनेक्शनचा दार-क्रमांक, लागतो. लिनक्स तो एरवी ३२७६८ ते ६०९९९ यांतूनच देतं, म्हणजे एकूण २८,२३२. अ‍ॅप एकाच आयपीच्या एकाच पोर्टवर बसलेलं असेल, तर कारभार तिथेच आटोपला. साध्या वेबसाइटला हे सहसा जाणवत नाही, कारण तिचे पोर्ट लवकर सुटतात. वेबसॉकेट तासन्‌तास धरून ठेवतं. रॅम वाढवून पोर्ट कसे वाढणार?

अ‍ॅपच्या चार प्रोसेस चार पोर्टांवर चालवल्या. प्रत्येकीला आपापले २८ हजार मिळाले आणि आकडा सरसर वर गेला. तो आलेख बघत मी मुद्दाम चहा सावकाश प्यायलो.

हो, लोड टेस्ट एकाच मशीनवरून करू नका. पोर्टांची हीच मर्यादा त्यालाही आहे, आणि सर्व्हरऐवजी तुम्ही तीच मोजत बसाल. टर्मिनलमध्ये यूलिमिट (एका प्रोग्रॅमला किती फाइल आणि कनेक्शन उघडता येतील ती मर्यादा) वाढवून सिस्टमडीच्या, म्हणजे लिनक्स मागे आपोआप चालवतं त्या, सर्व्हिसला काही फरक पडत नाही, तिच्या फाइलमध्ये हीच मर्यादा लिमिट-नोफाइल या नावाने वेगळी लिहावी लागते. एनजिनएक्स एका युजरमागे दोन कनेक्शन मोजतं (एक युजरशी, एक अ‍ॅपशी), तेव्हा त्याच्या सेटिंगमधला वर्कर कनेक्शन्सचा आकडा युजरच्या दुपटीहून जास्तच ठेवा. मागच्या अ‍ॅपकडून ६० सेकंद काही आलं नाही तर एनजिनएक्स लाइन तोडतं, म्हणून सर्व्हरकडून दर ३० सेकंदांनी पिंग, म्हणजे 'जागा आहे' सांगणारा छोटा मेसेज. आणि रीस्टार्टनंतर सगळे मोबाइल पुन्हा जोडायला सर्व्हरवर एकदम तुटून पडतात. पुन्हा जोडण्याआधी प्रत्येकाने वेगवेगळा वेळ थांबावं, एवढं क्लायंटच्या कोडमध्ये आधीच घालून ठेवा. स्टोअरवर नवं व्हर्जन चढवून ते सगळ्यांच्या फोनपर्यंत पोचायला फार वेळ जातो.