आमची वाटचाल : परड्यातल्या 'मिलिटरी'पासून

आमच्या वर्कशॉपचा पहिला ट्रक कुणा गिऱ्हाइकाने आणलेला नव्हता. तो आमच्याच परड्यात, गोठ्याला लागून, २९ वर्षे उभा होता. डॉज कंपनीचा पाऊण टनी वेपन्स कॅरिअर, म्हणजे शस्त्रे आणि माणसे वाहणारा लष्करी ट्रक. आमच्या गावात त्याला डॉज कुणीच म्हणत नाही, नुसते 'मिलिटरी' म्हणतात. लहानपणी आम्ही पोरे त्याच्या हौद्यात लपंडाव खेळायचो आणि आजी ओरडायची, "उतरा खाली, गंज लागंल हाताला."

दुसऱ्या महायुद्धात, १९४२ ते १९४५ या काळात, अमेरिकेने हे ट्रक प्रचंड संख्येने बनवले. पुढे विंच, म्हणजे दोर गुंडाळून ओढणारे यंत्र, असेल तर डब्ल्यूसी-५२, नसेल तर डब्ल्यूसी-५१. आमचा ५१. युद्ध संपल्यावर अमेरिकन सैन्य परत गेले आणि इथे राहिलेला बराच माल डिस्पोजलमध्ये विकायला निघाला. आमच्या आजोबांनी, म्हणजे आबांनी, हा ट्रक पुण्याहून एका व्यापाऱ्याकडून घेतला. पुढची पंचवीसेक वर्षे त्याने एकच काम केले : गुऱ्हाळावरचे गुळाचे रवे भरायचे आणि कोल्हापुरात शाहूपुरीच्या अडतीवर नेऊन उतरायचे. पावसाळी चिखलात बैलगाडी रुतायची तिथून हा चारही चाकांच्या जोरावर निघायचा. स्टिअरिंग डावीकडे, त्यामुळे समोरून येणारा दिसावा म्हणून शेजारी एक माणूस लागायचाच. ते काम अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, शाळकरी वयात केले.

१९७३च्या अखेरीस जगभर तेलाचे भाव भडकले आणि पेट्रोल परवडेना. पावणेचार लिटरचे सहा सिलिंडरी इंजिन, भरल्या गाडीला लिटरमागे चार किलोमीटरही मिळत नसत. १९७४चा हंगाम संपल्यावर आबांनी गाडी परड्यात लावली ती लावलीच. भंगारवाले दरवर्षी यायचे. अण्णांचे उत्तर ठरलेले होते : "आबांची गाडी हाय, राहू दे."

मी आयटीआय करून कोल्हापूरच्या उद्यमनगरात, कारखान्यांच्या वसाहतीत, लेथवर काम करत होतो. कास्टिंग, बोअरिंग, शाफ्ट टर्निंग, जे येईल ते. आठ वर्षे दुसऱ्याच्या मशीनवर काढल्यावर २००३ साली एका रविवारी मी मिलिटरीचे बॉनेट उघडले. आमच्या धंद्याची सुरुवात मी त्या रविवारपासून धरतो, शॉप अॅक्टचा परवाना तीन वर्षांनी आला तरी.

बंद पडलेले इंजिन पाहिल्यावर नवखा माणूस पहिल्यांदा बॅटरी जोडतो. हीच मोठी चूक. गंजलेल्या रिंगा सिलिंडरला धरून बसलेल्या असतात, स्टार्टरचा झटका बसला की काहीतरी तुटते. आम्ही सहाही प्लग काढले, प्रत्येक सिलिंडरमध्ये डिझेल आणि ऑइल यांचे मिश्रण सोडले आणि रोज संध्याकाळी थोडे थोडे घालत राहिलो. बाराव्या दिवशी इंजिन हाताने फिरवायच्या हँडलला जोर लावला तर ते बोटभर फिरले. बोटभरच, पण त्या रात्री अण्णा जेवले नाहीत, कंदील घेऊन परड्यातच बसून राहिले. (हँडल मारताना अंगठा बाकीच्या बोटांच्या बाजूलाच ठेवायचा, हँडलभोवती वळवायचा नाही. इंजिनाने उलटा झटका दिला तर मनगट जाते. हे मी प्रत्येक मालकाला पहिल्या दिवशी सांगतो.)

चाकांनी आम्हाला चांगलाच धडा दिला. उजवीकडची चाके निघाली. डावीकडच्या नटांना मी चार फुटी पाइप लावून जोर केला आणि एकापाठोपाठ तीन स्टड मोडले. चौथ्याला हात घालणार तेवढ्यात आबांच्या वेळचे ड्रायव्हर, आम्ही त्यांना तात्या म्हणायचो, काठी टेकत आले. "पोरा, डावीकडचा आटा डावा असतोय. स्टडच्या तोंडावर 'एल' कोरलाय, बघ की." गंज खरवडला तर खरोखरच 'एल' निघाला. चाक पुढे फिरताना नट सैल होऊ नये म्हणून त्या काळी डॉज डाव्या बाजूला उलटे आटे देत असे. म्हणजे मी अर्धा दिवस नट सोडवत नव्हतो, आवळत होतो.

त्याच चाकांतली दुसरी गोष्ट जिवावरची आहे. या ट्रकची रिम दोन भागांची असते, नट-बोल्टांनी जोडलेली. टायरमध्ये हवा असताना रिमचे नट सोडले तर दोन्ही भाग तोफेसारखे उडतात. म्हणून आधी व्हॉल्व्हची पिन काढायची, हवा पूर्ण जाऊ द्यायची, मगच पान्ह्याला हात लावायचा. आमच्या वर्कशॉपमध्ये रिमचे नट लाल रंगवलेले असतात. गाडीचा मूळ रंग बिघडतो अशी एका मालकाने तक्रार केली होती. मी लाल रंग काढला नाही.

गाडी सुरू झाली ती दुसऱ्या वर्षी, २००४च्या उन्हाळ्यात. कागलच्या रस्त्याला सहा किलोमीटर गेलो आणि पाणी उकळले. रेडिएटर साफ करून घेतला, पंप नवीन बसवला, तरी तेच. हात लावून बघितले तर पुढचे सिलिंडर कोमट आणि मागचे दोन चटका देणारे. तेव्हा कळले की या इंजिनाच्या पोटात, ब्लॉकच्या आतून पुढून मागपर्यंत, पाणी वाटून देणारी एक नळी असते. व्हॉल्व्ह ब्लॉकमध्येच असल्याने त्यांच्याजवळ गार पाणी पोचवायचे काम तिचे. प्रत्येक ठिकाणी तिला भोक असते. वर्षानुवर्षे विहिरीचे जड पाणी घातल्याने आमची नळी कुजून पापुद्रे झाली होती. पाणी पुढेच फिरून परत यायचे, मागे पोचतच नव्हते. रेडिएटर आणि पंप उतरवून, तारेचे आकडे करून, ती नळी आम्ही दोन दिवस तुकड्या-तुकड्यांनी ओढून काढली. सगळे तुकडे एका ताटात ओळीने मांडले आणि त्यावरून भोकांची मापे घेतली.

नवी मिळण्याची आशा नव्हती. शेवटी तांब्या-पितळेची भांडी घडवणाऱ्या एका मामांकडे गेलो. त्यांनी ताटातले तुकडे उचलून उन्हात धरले, थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "बंब करतो, हे काय अवघड हाय?" पितळी पत्रा वळवून, कड झाळून, लाकडी साच्यावर ठोकून चपटी करून त्यांनी नळी दिली. भोके मी ड्रिलवर पाडली. ती नळी आज वीस वर्षे झाली तरी त्याच इंजिनात आहे. पुढे आम्ही तसल्या अनेक केल्या. पण मामांच्या हातची ती पहिलीच होती आणि तीच मला सर्वांत सरळ वाटते.

त्या दसऱ्याला खंडेनवमीची पूजा चालत्या गाडीची झाली. दुसऱ्या दिवशी अण्णांना शेजारी बसवून दसरा चौकात नेले. तिथे एकजण भेटले. त्यांच्या मळ्यात अशीच गाडी होती, झाडाखाली. मग दुसरे, मग सांगलीचे कोणी, बेळगावचे कोणी. २००६मध्ये नोकरी सोडली, कर्ज काढून एक जुना लेथ घेतला आणि परड्यातच पत्र्याची शेड मारली. सुरुवातीला आम्ही दोघेच होतो, मी आणि मावसभाऊ.

पहिली पाच वर्षे आम्ही जे केले त्यातल्या काहींचा मला आज पश्चात्ताप आहे. मालक म्हणायचे पेट्रोल परवडत नाही, डिझेल इंजिन टाका. आम्ही टाकायचो. डिझेलच्या थरथरीने गिअरबॉक्सची माउंटिंग तडकायची, क्लच हाउसिंगसाठी चासीचे क्रॉस मेंबर, म्हणजे आडवे पट्टे, कापावे लागायचे. अशा चार गाड्या आमच्या हातून गेल्या. २०११मध्ये त्यातलीच एक परत आली, मालकांना मूळ इंजिन पाहिजे होते. ते आम्ही उतरवले त्याच आठवड्यात भंगारात गेले होते. त्यांच्यासमोर मला बोलायला तोंड नव्हते. त्या दिवसापासून आमच्याकडे इंजिन बदलायचे काम बंद. त्यापायी कित्येक कामे हातची गेली.

दहा वर्षांनी, जुलै २०२१मध्ये, केंद्र सरकारने व्हिंटेज वाहनांच्या नोंदणीचे नियम काढले. ५० वर्षांहून जुनी, खाजगी वापराची, मूळ रूपात जपलेली गाडी हवी, मोठा फेरबदल झालेला चालत नाही. मग 'व्हीए' मालिकेचा नंबर मिळतो. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, पुढच्या नोंदणीला ५,०००, मुदत १० वर्षे. ज्यांच्या गाड्या आम्ही मूळ ठेवल्या त्यांना हे वाचून दाखवताना मला बरे वाटले. कापलेल्या चार गाड्यांची आठवणही तेव्हाच झाली.

रंगाबद्दल मात्र प्रत्येक मालकाशी बोलणे होतेच. सगळ्यांना लष्करी ऑलिव्ह ग्रीन पाहिजे असतो. आपल्या मोटार वाहन नियमांत तो रंग फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना आहे. बाकीच्यांनी लावायचा नाही. आम्ही राखाडी किंवा मातकट खाकी देतो. आमची मिलिटरी राखाडी आहे, कारण आबांनी ती गुळासाठी घेतल्यावर राखाडीच रंगवली होती. दाराच्या आतल्या कोपऱ्यात हातभर जागेत मूळचा हिरवा अजून आहे, तिथे आम्ही ब्रश लावला नाही.

२००९च्या सुमारास ब्रेकने आम्हाला घाम फोडला. एका गाडीचे व्हील सिलिंडर आम्ही बोअर करून स्लीव्ह बसवले, काम चोख झाले. रबरी कप मात्र एका दुकानातून घेतले. महिन्याभरात ते ऑइलमध्ये फुगले आणि पन्हाळ्याच्या चढावर ब्रेक धरून राहिले. ड्रमातून धूर निघाला. नशिबाने चढ होता. दुकानदाराने हात वर केले, आम्ही स्वतःच्या खर्चाने चारही चाके परत उघडली. या ट्रकला ब्रेकची एकच लाइन आहे. एक होज फुटला की चारही चाके गेली. तेव्हापासून आमचा एक नियम आहे : नवा कप आधी आठ दिवस ब्रेक ऑइलच्या बाटलीत बुडवून ठेवायचा, मापायचा, मगच बसवायचा. ऑइल दर दोन वर्षांनी बदलायचे, कारण ते हवेतले पाणी पिते आणि आमच्या भागात पावसाळा चार महिने असतो.

२०२०च्या टाळेबंदीत शेड बंद होती. तीन मालकांच्या गाड्या त्यांच्या दारात अर्धवट उघडलेल्या होत्या. मी रोज संध्याकाळी फोनवर व्हिडिओ लावून सांगायचो आणि ते स्वतः करायचे. त्यातल्या एका शिक्षकांनी आयुष्यात पहिल्यांदा कार्बोरेटर उघडला, जेट साफ केले आणि गाडी सुरू करून मला आवाज ऐकवला. तेव्हा आम्ही धंद्याची पद्धतच बदलली. आता शक्य तिथे गाडी मालकाच्याच दारात उभी राहते, आम्ही ठरलेल्या दिवशी हत्यारे घेऊन जातो आणि त्यांना बरोबर घेऊनच काम करतो. जड काम तेवढे शेडमध्ये येते. बिलाचा आकडा कमी झाला, पण आम्ही सोडून आल्यावर गाडी परत झाडाखाली जात नाही. आधी ती जायची.

मालकांना आम्ही सांगतो ते साधे आहे. पंधरा दिवसांतून एकदा गाडी बाहेर काढा आणि वीस-पंचवीस किलोमीटर चालवा. जागेवर दहा मिनिटे सुरू ठेवून काही होत नाही, ऑइल पुरते तापत नाही आणि चेंबरमधले पाणी तिथेच राहते. गिअर पडत नसेल तर गाडीला दोष देऊ नका, डबल क्लच शिका, म्हणजे गिअर बदलताना मधे न्यूट्रलला येऊन क्लच दोनदा दाबायचा. रेडिएटरमध्ये विहिरीचे पाणी नको, कुलंट घाला. सहा व्होल्टची वायरिंग अशक्त असते असे म्हणून बारा व्होल्ट करू नका. केबल जाड घ्या आणि अर्थिंगची जागा पांढऱ्या लोखंडापर्यंत घासा, स्टार्टर छान फिरतो. उंदरांवर लक्ष ठेवा.

आणि हल्लीची नवी काळजी इथेनॉलची. पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असते. ते आमच्याच ऊसपट्ट्यातल्या कारखान्यांत तयार होते, त्याला वाईट म्हणायला माझी जीभ वळत नाही. पण १९४२च्या रबराला ते सोसत नाही. पंपाचा पडदा मऊ पडतो, नळ्या फुगतात, टाकीत पाणी धरते. आम्ही पडदे आणि नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या रबराच्या घालतो. पावसाळ्यात गाडी निघणार नसेल तर टाकी रिकामी करायची आणि कार्बोरेटर कोरडा होईपर्यंत इंजिन चालवायचे.

आज आम्ही पाचजण आहोत. मावसभावाची मुलगी डिप्लोमा करून आली, ती वायरिंग आणि कार्बोरेटर बघते. तिच्यामुळे आमच्याकडे पहिल्यांदा प्रत्येक गाडीची वही झाली. कधी ग्रीस मारले, कुठल्या निपलला गेले नाही, सगळे तारीखवार. अण्णा आता ८० पार आहेत. सकाळी शेडमध्ये येतात, खुर्ची टाकून बसतात आणि आवाजावरून सांगतात की तिसऱ्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह अडकतोय.

सध्या शेडमध्ये गडहिंग्लजकडचा एक ५२ आहे, विंचवाला. त्याचीही पाण्याची नळी कुजलेली निघाली. मामा आता नाहीत. त्यांच्या मुलाने परवा पत्रा वळवून आणून दिला आहे, साचा वडिलांचाच वापरला म्हणाला. भोके मी उद्या सकाळी पाडणार आहे.