टर्की डे आणि आमच्या पेठा

कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार हे आमच्या पेठांतल्या तालमींचे फुटबॉल संघ समोरासमोर येणार असले, की आमच्या घरात दुपारचे जेवण तासभर आधीच उरकते. माझा मावसभाऊ नोकरीसाठी अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये ह्यूस्टनला स्थायिक झाला, तरी सामन्याच्या दिवशी त्याचा फोन चुकत नाही. अशाच एका फोनवर त्याने मला तिथल्या येट्स आणि व्हीटली या दोन शाळांविषयी सांगितले. "आपल्या पेठांसारखंच हाय की रे हे," असे तो म्हणाला आणि तेव्हापासून मी त्याविषयी मिळेल ते वाचत गेलो.

ह्यूस्टनच्या थर्ड वॉर्ड या वस्तीतले जॅक येट्स हायस्कूल १९२६ मध्ये आणि फिफ्थ वॉर्डातले फिलिस व्हीटली हायस्कूल १९२७ मध्ये सुरू झाले. काळ्या आणि गोऱ्या मुलांच्या शाळा कायद्यानेच वेगळ्या ठेवण्याचा तो काळ होता. ज्यांची नावे या शाळांना दिली, त्यांतले येट्स हे गुलामीतून मुक्त झालेले धर्मोपदेशक. तर व्हीटली ही लहानपणी आफ्रिकेतून आणून बोस्टनमध्ये विकली गेलेली कवयित्री, जिचा कवितासंग्रह १७७३ मध्ये प्रसिद्ध झाला. खेळ मात्र आपला फुटबॉल नव्हे, तर लांबट चेंडू हातात घेऊन पळण्याचा अमेरिकी प्रकार, ज्याला फुटबॉल का म्हणतात हे मला अजूनही उमगलेले नाही.

१९२७ पासून या दोन शाळा थँक्सगिव्हिंग या अमेरिकी सणाच्या सुट्टीला एकमेकींशी भिडू लागल्या. त्या दिवशी घरोघरी टर्की हा पक्षी शिजतो, म्हणून या सामन्याला टर्की डे क्लासिक हे नाव पडले. येट्सचे रंग किरमिजी आणि सोनेरी, व्हीटलीचे जांभळा आणि पांढरा. चर्चला जाताना घालायचे ठेवणीतले कपडे लोक त्या दिवशी बाहेर काढत, दोन्ही शाळांचे बँड मैदानात उतरत आणि पुढच्या काळात जेपसन स्टेडियमवर तीस हजारांहून अधिक प्रेक्षक जमू लागले. शालेय सामन्याला एवढी गर्दी! पुढे अमेरिकी संसदेत गाजलेल्या बार्बरा जॉर्डन १९५२ मध्ये याच व्हीटलीतून शिकून बाहेर पडल्या.

एरवीचे चित्र वेगळे होते. टेक्सासच्या मुख्य शालेय क्रीडा संघटनेत फक्त गोऱ्या शाळांना प्रवेश असल्यामुळे कृष्णवर्णीय शाळांनी १९२० मध्ये प्रेअरी व्ह्यू इंटरस्कोलॅस्टिक लीग ही आपली वेगळी संघटना उभी केली. गोऱ्या शाळांनी वापरून टाकलेले साहित्य त्यांच्या वाट्याला येई, आणि शुक्रवारची रात्र गोऱ्यांसाठी राखीव असल्याने यांचे सामने बुधवारी नाहीतर गुरुवारी होत. इथे भावाची पेठांची उपमा मला अपुरी वाटू लागली. आमच्या तालमी एकमेकींवर कितीही खार खाऊन असल्या, तरी त्यांचे मैदान एक, संघटना एक आणि स्पर्धाही एकच. शिवाय शाहू महाराजांनी १९१९ मध्येच अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सर्व मुलांना एकाच शाळेत बसवण्याचा हुकूम काढला होता. तो पूर्णपणे पाळला गेला का, हा प्रश्न आपण आपल्यालाच विचारायचा आहे. ह्यूस्टनमध्ये मात्र त्यानंतर सात वर्षांनी येट्सची शाळा केवळ काळ्या मुलांसाठी उघडत होती.

वेगळ्या शाळा घटनाबाह्य असल्याचा अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १९५४ मध्ये लागला, पण मुख्य संघटनेचे दार कृष्णवर्णीय शाळांना १९६७ मध्ये उघडले. नव्या संघटनेबरोबर नवे वेळापत्रक आले आणि १९६६ चा टर्की डे सामना शेवटचा ठरला. दक्षिणेत इतरत्र शाळा एकत्र करताना कितीतरी कृष्णवर्णीय हायस्कुले बंद झाली किंवा त्यांचा दर्जा उतरवला गेला, आणि तिथल्या प्रशिक्षकांना गोऱ्या प्रशिक्षकांच्या हाताखाली जावे लागले. येट्स आणि व्हीटली टिकल्या, एवढेच. हक्क मिळाला तो योग्यच झाले. पण एकत्र येण्याची किंमत दर वेळी एकाच बाजूने का मोजावी, हे मला पटत नाही.

जेपसनचे ते जुने स्टेडियम २०१२ मध्ये पाडले गेले आणि त्या जागी ह्यूस्टन विद्यापीठाचे नवे उभे राहिले. भावाच्या शेजारी राहणाऱ्या आजी व्हीटलीच्या आहेत आणि समोरचे आजोबा येट्सचे. आजी थँक्सगिव्हिंगला न चुकता जांभळा स्कार्फ बांधतात आणि रताळ्याचा 'पाय' हा भाजलेला गोड पदार्थ सगळ्या गल्लीत वाटतात. आजोबांच्या घरी तो दुसऱ्या दिवशी जातो.