अभिमन्यूची भिंत

दर जानेवारीत आमच्या मंडळाचं वार्षिक संमेलन असतं. दीपप्रज्वलन, अहवालवाचन, दहावी-बारावीच्या मुलांचा सत्कार, अध्यक्षांचे दोन शब्द, हे सगळं रीतसर होतं. पण मी वाट बघते ती दिवे मालवण्याची. मग आमचे ड्रॉइंगचे सर उठतात, जुन्या स्लाइड प्रोजेक्टरचा पंखा घरघरायला लागतो आणि पडद्यावर आमचंच बडोदं दिसतं. गेली कित्येक वर्षं सरांचा विषय एकच: लढाई, चित्र आणि सिनेमा.

पहिली स्लाइड कमाटीबागेतल्या म्युझियमची. लहानपणी आम्ही तिथे जायचो ते देवमाशाचा सांगाडा बघायला. चित्रांच्या दालनातून नुसते पळत सुटायचो. ते दालन १९१४ साली बांधून तयार झालं आणि त्याच वर्षी महायुद्ध पेटलं. युरोपातून यायची चित्रं तिकडेच अडकली. दालन उघडायला १९२१ साल उजाडलं. हे सरांकडून ऐकल्यापासून त्या दालनात माझा पाय आपोआप हळू पडतो.

मग फाळके. सिनेमावाले दादासाहेब आपल्या बडोद्याच्या कलाभवनात, म्हणजे इथल्या कलाशाळेत शिकले, हे सांगताना सरांचा आवाज दरवर्षी चढतो, आणि का चढू नये? १९१३ साली पहिला चित्रपट, १९१४ मध्ये लंडनला कौतुक, आणि परत येतात तो महायुद्ध सुरू. पैसे लावणाऱ्यांनी हात आखडता घेतला. लढाई तिकडे आणि पडदा इथला अंधारला, असं सर म्हणतात.

पण माझा जीव गुंततो तो शेवटच्या स्लाइडमध्ये. कीर्तिमंदिराची, म्हणजे गायकवाड राजघराण्याच्या स्मारकाची भिंत. सयाजीराव महाराजांनी भिंती रंगवायला चित्रकार नंदलाल बोस यांना शांतिनिकेतनहून बोलावलं. महाराज १९३९ च्या फेब्रुवारीत गेले, तरी काम थांबलं नाही. १९४६ पर्यंत टप्प्याटप्प्यानं चालू राहिलं. गंगावतरण, मीरा, रवींद्रनाथांच्या नाटकातली नटीर पूजा आणि अभिमन्युवध. वर्षं नीट बघा, म्हणतात सर. बाहेर दुसरं महायुद्ध, १९४३ मध्ये बंगालात दुष्काळ, माणसं रस्त्यावर मरताहेत, आणि त्याच बंगालातून येऊन हा माणूस आपल्या गावात कुरुक्षेत्र रंगवतो. रंगवायला घेतो कुणाला, तर सोळा वर्षांच्या पोराला.

एवढं बोलून सर गप्प होतात. मिनिटभर फक्त प्रोजेक्टरचा आवाज.

माझे थोरले काका बर्माच्या आघाडीवर गेले ते परत आले नाहीत. आजी आम्हा नातवंडांना महाभारत सांगायची, पण अभिमन्यूला चक्रव्यूहाच्या दाराशी आणून सोडायची आणि "आता झोपा" म्हणायची. पुढचं कधीच सांगितलं नाही. का, ते मला पस्तिसाव्या वर्षी त्या अंधारात बसून कळलं.

म्हणूनच एक गोष्ट मला खुपते आणि ती मी समितीच्या बैठकीतही बोलून दाखवली आहे. नाट्यगीतं असली की खुर्च्या पुरत नाहीत. सरांच्या वेळी मात्र मधल्या सुट्टीत शेव-उसळ खाऊन अर्धा हॉल रिकामा होतो. दांडिया बाजारातून घरी जायला असा किती वेळ लागतो? पाऊण तास बसायला काय हरकत आहे?

जे राहतात आणि राबतात, त्यांचे उपकार फिटायचे नाहीत. नावं छापू नका असं प्रत्येकानं बजावलंय, म्हणून कामांवरूनच सांगते. पडद्यासाठी दरवर्षी नवी पांढरी चादर इस्त्री करून आणणाऱ्या वहिनी. आता बाजारात मिळेनासा झालेला प्रोजेक्टरचा बल्ब कुठून कुठून शोधून आणणारे दादा. पहाटे पाचला उसळीचा वाटाणा शिजत टाकणारे दोघे भाऊ. रांगोळीच्या तिघी, माइकचा मुलगा, स्वागतगीताच्या पेटीवाल्या ताई, चपलांपाशी उभे राहणारे आजोबा, हॉलचा चौकीदार आणि त्याची बायको, जी न सांगता कपबशा विसळते. गेल्या वेळी खिडक्यांना काळे कागद लावणाऱ्या दोन मुली अहवालात राहून गेल्या होत्या. त्यांचं इथे मुद्दाम लिहिते. आणि सरांची नात. गेल्या वर्षी सरांचा हात फार थरथरत होता, तेव्हा तीच शेजारी उभी राहून बटण दाबत होती.

गेल्या वर्षी कार्यक्रम संपला, आभार झाले, तरी सरांनी ती शेवटची स्लाइड काढू दिली नाही. पोरं खुर्च्या गोळा करायला लागली. दोन-दोन खुर्च्या डोक्यावर घेऊन एकेक जण प्रोजेक्टरसमोरून जायचा आणि क्षणभर त्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर कुरुक्षेत्र उमटायचं. त्यातला एक यंदा बारावीला आहे. सर त्याच्याकडे बघत होते. शेवटची खुर्ची उचलली गेल्यावर नातीला म्हणाले, "कर आता बंद."